रेघेची जाडी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सादर नमस्कार. मी मजेत. वहिनीचा गुडघा कसा आहे? तुझा उजवा हात रंधा धरतो का आता, की सुतारकामातही वहिनीलाच जुंपलंय?

आधी बातमी. आमच्या सोनोग्राफी विभागाने मोजायची नवी पद्धत ठरवली, आणि ती मुळात तुझी आहे! लहानपणी मी जाड पेन्सिलीने खूण करून तुझी फळी कापली, ती आखूड भरली. तू म्हणालास, "अगं, रेघेलाही जाडी असते. ती कुठल्या बाजूला गेली, ते आधी बघ."

मेंदूकडे जाणारी मानेतली रक्तवाहिनी बघताना आम्ही बारीक बुडबुड्यांचं औषध टोचतो, मग रक्त पडद्यावर झळाळतं. ती झळाळी कडेबाहेर सांडते आणि अरुंद वाट रुंद दिसते. आता आम्ही चमक कमी ठेवतो, झळाळी ओसरू देतो, तीनदा मोजतो. हे मी सुचवलं म्हणून विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मला मात्र तिथे उभं राहवेना.

दादा, मार्चमध्ये तुझी तपासणी मी केली. "वाट मोकळी आहे, खुशाल काम कर," हेही मीच सांगितलं. सहा आठवड्यांनी मेंदूला रक्त कमी पडून तुझा हात लुळा पडला, तेव्हा मी सगळं यंत्रावर ढकललं. यंत्र ठणठणीत होतं. तुला चित्र झकास दिसावं, बहिणीची हुशारी कळावी, म्हणून चमक मी वाढवली आणि एकदाच मोजलं. परवा तेच जुनं चित्र काढून, चमक उतरवून पुन्हा मोजलं. वाट निम्मीसुद्धा मोकळी नव्हती रे. आज हे डॉक्टरीणबाईंना लेखी दिलं. तुला सांगायलाच इतके महिने धीर झाला नाही.

आणि तू? खाटेवर पडल्या पडल्या मलाच विचारत होतास, "जेवलीस का?" तुझे उपकार कोणत्या तोंडाने मानू?

काल तुझ्या फेरतपासणीचा अर्ज आला. 'तपासणी कोणाकडून हवी' या रकान्यात डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात 'फूटपट्टी'. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "अशी कोणी इथे नाही." मी म्हटलं, "आहे, मीच ती. दादा उंचीवरून चिडवतो."

अर्ज सोबत परत पाठवते आहे. तो भरलास तेव्हा तुला खरं ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. तो रकाना पुन्हा भर.

नाव खोडलंस तरी तुझीच,
फूटपट्टी