रंगाऱ्याच्या घराला फळ्या

११ जून १५२३

नेन्चो रंगारी गेला. जांघेत अंड्याएवढी गाठ, काळीनिळी. शंकाच नको — प्लेग!

आरोग्य मंडळासमोर तसंच सांगितलं. प्रमुख गेरार्दोसाहेब म्हणाले, "जत्रा आठ दिवसांवर आलीय. साधा ताप लिहा की!"

म्हटलं, "ताप लिहिला तर जत्रेतून मरण गावोगाव जाईल. मग मंडळ हवंच कशाला?"

गेरार्दोसाहेबांनी कुरकुरत कागद पुढे ओढला. मग सही झाली. जत्रा रद्द. नेन्चोच्या घराला चाळीस दिवस फळ्या. आत त्याची बायको तेस्सा, म्हातारी आई, दोन मुली.

१२ जून

सुतार खिळे ठोकत होता आणि तेस्सा आतून ओरडत होती — "वैद्यबुवा, आम्ही धडधाकट आहोत हो! निदान पोरींना तरी काढा!"

काढल्या नाहीत. एकीला सोडलं तर उद्या नाही कुणाला म्हणायचं?

१९ जून

जत्रेचा दिवस. चौक ओस. एक विणकर माझ्या तोंडावर थुंकला. "आमच्या पोटावर पाय दिलास!"

पुसलं. घरी आलो.

२७ जून

नवा रोगी नाही.

२ जुलै

रंगाऱ्याच्या गल्लीतून गेलो. तेस्सा खिडकीत. आवाज खोल गेलेला. "तीन दिवस मंडळाची जेवणाची टोपली आली नाही, वैद्यबुवा. पाव पाठवा हो."

पहारेकरी मेओला विचारलं. तो हसला. "रोज दोरीला बांधून वर देतो की! बाहेर पडायची नाटकं ही."

पटलं. नाही — पटवून घेतलं. तिथं उभं राहून दोरी बघायची मला भीती वाटत होती.

९ जुलै

खिडकी बंद. हाका मारल्या. उत्तर नाही. मेओ म्हणाला, "गाठी आल्या असणार." मलाही तसंच वाटलं.

१५ जुलै

मंडळात माझा सत्कार! "गावात दुसरीकडे एकही बळी नाही. तुम्ही गाव वाचवलंत." बाहेर त्याच विणकराने टोपी काढली. बरं वाटलं.

२१ जुलै

फळ्या काढल्या. चौघी गेलेल्या. एकेकीच्या काखा, जांघा तपासल्या. गाठ एकीच्याही अंगावर नाही. धाकटीच्या दातांत मेणबत्तीचं मेण.

गेरार्दोसाहेब म्हणाले, "प्लेग लिहा."

मी लिहिलं — भूक. खाली माझी सही.