उजवीकडचा तिसरा खण

रोल्ला, शारजा
११ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामांस,
नागेशचा सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. तुमच्या कानांना फोन चालत नाही, म्हणून पत्र. आपल्याकडचा तहा सोमवारी रत्नागिरीला निघतोय, त्याच्याकडे देतो. दहावी नापास असलो तरी प्रत्येक शब्द दोनदा तपासलाय. गेल्या वेळेसारखं लाल पेन्सिलीने खुणा करून परत पाठवू नये. कारखान्यातल्या झैदने ते पाहिलं आणि तो आठवडाभर मला मास्तर म्हणत होता.

कारखान्यात एक इंग्रजी लिहिण्याचं टेबल आलंय. अडीचशे वर्षांचं आहे, असं आणणारे म्हणतात. महागनीचं, दोन्ही बाजूंना चार-चार खण, मधे एक रुंद, वर हिरवं चामडं. मधल्या खणात लंडनच्या एका कारागिराची छापील चिठ्ठी चिकटवलेली आहे. खैरुद्दीनशेठनी मला ते दुरुस्त करून प्रत्येक भागाची नोंद लिहायला सांगितलीय. त्या नोंदीवरून दाखला निघेल आणि टेबल विकलं जाईल.

मामा, सांगाडा जुना आहे, पण खणांबद्दल मला शंका येते. लंडनच्या माणसाने आतून ओक वापरला असता. मी तळाची कड जरा खरवडली तर सागाचा वास आला. सांध्यांतले करवतीचे काप उलट्या बाजूला कललेले आहेत, जशी काही करवत डाव्या हातात होती. आणि नऊही खणांच्या मागच्या फळीचे वरचे कोपरे गोल केलेत, आत शोधणाऱ्या हाताला लागू नयेत म्हणून. तसे मी करतो, कारण तुम्ही शिकवलंत. इथे दुसरं कुणी करताना मी पाहिलेलं नाही. बाबा आणि तुम्ही मुंबईला असलंच काम करत होतात ना? बाबा डावरे होते, असं आई म्हणते.

शेठ मस्कतला गेलेत. ते यायच्या आत टेबल आतून बाहेरून लखलखीत करून ठेवणार आहे. आईने मोतीबिंदूचं मनावर घेतलं का?

आईला नमस्कार. तुमची माया आहेच, ती तशीच ठेवावी.

आपला
नागेश


जैतापूर
२८ जानेवारी २०२५

चि. नागेश यास अनेक आशीर्वाद.

तहा स्वतः येऊन पत्र देऊन गेला. खजुरातला एक मला मिळाला, बाकीचे तुझ्या आईने डब्यात घालून झाकण लावलं. तुझ्या पत्रात एक चूक आहे. कुठली ते सांगत नाही, शोधत बस.

आईला दिसत नाही, म्हणून पत्र मीच मोठ्यांदा वाचतो. गोल कोपऱ्यांपाशी आलो तेव्हा तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग उठून परसात गेली.

तुझी शंका बरोबर आहे. तो सांगाडा विलायतेचाच, मोडका आला होता. खण आम्ही भायखळ्याच्या कारखान्यात नवे केले, २००२ साली. सांधे सगळे तुझ्या बापाचे. कोपरे गोल करायची खोडही त्याचीच, मी त्याच्याकडून उचलली. कारागिराचं नाव कुठेही दिसता कामा नये, अशी मालकाची ताकीद होती. ती लंडनची चिठ्ठी मालकानेच लावली.

त्याच दिवसांत तुझ्या आईचं पत्र आलं की तू चालायला लागलास. तुझ्या बापाने उजवीकडचा तिसरा खण उलटा केला आणि तळावर पेन्सिलीने लिहिलं. ‘आज घरून पत्र आलं, नागेश चालायला लागला.’ खाली तारीख घातली. मग खण जुना दिसावा म्हणून काजळीचा हात त्यानेच वरून मारला. नाव लिहायची बंदी माझ्या नावाला आहे, पोराच्या नावाला नाही, असं म्हणाला. मी हसलो होतो.

तू पाच वर्षांचा असताना तो गेला आणि पुढच्याच पुरात त्याची पत्रं गेली. त्याच्या हातचं एक अक्षर या घरात नाही. तेव्हा तळाला पॉलिश पेपर लावू नकोस. कापसाने, टर्पेंटाइनने, हळू पूस. पेन्सिल राहते. तहाच्या बहिणीकडून, सुमैय्याकडून तुला फोन करवणार होतो, पण हे दुसऱ्याच्या तोंडून सांगावंसं वाटेना. म्हणून लिहिलं.

दोन वर्षं डोळ्यांचं नाव काढू न देणारी तुझी आई आज म्हणाली, ऑपरेशनची तारीख घे. त्या ओळीचा फोटो आला की तो नीट दिसला पाहिजे म्हणे.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमचा जीव तुझ्यापाशी आहे हे लक्षात असू दे.

तुझा
सदानंदमामा


रोल्ला, शारजा
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामांस,
नागेशचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आईला सांगा, उजवीकडचा तिसरा खण सापडला. तुम्ही सांगितलंत तीच ओळ तिथे आहे. अक्षरं जरा वाकडी आहेत. फोटो मोठा करून सोबत ठेवलाय. ऑपरेशन झाल्यावर निवांत बघावा, घाईने डोळ्यांना ताण देऊ नये. खजूर पुन्हा पाठवतो, या वेळी तुमच्यासाठी वेगळा डबा आहे.

(मामा, वाचून दाखवताना इथे थांबा. पुढचं पान फक्त तुमच्यासाठी आहे.)

तुमचं पत्र ८ फेब्रुवारीला मिळालं. तळ मी ३० जानेवारीला घासले होते. मी वहीत सगळी नोंद ठेवतो. उजवीकडचा तिसरा खण दुपारी अडीच वाजता. आधी १२० चा पॉलिश पेपर, मग २४० चा. काजळीखाली पेन्सिलीच्या दोन ओळी दिसल्या होत्या. मापं असतील असं वाटलं. हात थांबवला नाही. कचऱ्याच्या पिशव्या बघायला धावलो, पण आठ दिवसांचा भुसा कोण ठेवतो.

शेठना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, बेटा, जुन्या मालाचा तळ न्हाऊ घालत नाहीत, एवढं तरी विचारायचंस. अक्षर असतं तर मी दाखल्यात तुझ्या बापाचं नाव घातलं असतं. साग काय, गोल कोपरे काय, त्यावर गिऱ्हाईक कसं मानेल? दाखल्यावर लंडनचंच नाव गेलं. माझ्या नोंदीत मी खण मुंबईचे असं लिहिलं होतं. ते पान त्यांनी फाडलं नाही, मला परत दिलं. माझ्याकडे आहे.

टेबल गुरुवारी गेलं. बुधवारी जेवायच्या सुट्टीत मी तो खण उलटा केला आणि ती ओळ लिहिली. डाव्या हाताने. आधी पुठ्ठ्यावर अकरा वेळा गिरवली. झैदने काही न विचारता खण घट्ट धरून ठेवला. शेठना दाखवलं नाही. ते पुरावा म्हणून लिहिलेलं नव्हतं. तारीखही घातली नाही. ती बाबांची होती.

सुमैय्याकडून फोन करवला असता तर, असं तुम्ही मनात आणू नका. घासणारा मी होतो. तुम्ही म्हणालात ती चूक मी अजून शोधतोय. पत्राची नक्कल चार वेळा वाचली, सापडत नाही.

ऑपरेशननंतर आईला स्वच्छ दिसेल. बाबांचं अक्षर तिच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. तिने फोटो हातात घेतला की तुम्ही जवळ बसा. तिने विचारलं तर खरं सांगा. तिने काही विचारलं नाही, तर तुम्हीही तिला काही विचारू नका.

माझ्यावरची माया, जमेल तेवढी, राहू द्यावी.

आपला
नागेश