पाठ केलेला तक्ता

मंगळवार, संध्याकाळी सात



कर्वेनगरहून आयटीतल्या पोरांची गर्दी वाढली, म्हणून आज सकाळी दवाखान्यातला डोळे तपासायचा पिवळा पडलेला अक्षरांचा तक्ता काढून नवा लावला. दुपारी संतोष आला. मूळचा अकोल्याचा, व्यावसायिक बॉक्सर. प्रत्येक लढतीआधी नजरेचा दाखला माझ्याकडूनच नेतो. नेहमीसारखा खुर्चीत बसता बसताच त्याने उजवा डोळा झाकला आणि डाव्याने धडाधड वाचून दाखवलं. एकही अडखळणं नाही.

सगळं जुन्या तक्त्यावरचं!

"परत वाच," म्हटलं. पुन्हा तेच. मी पेन खाली ठेवलं, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "डॉक्टर, तक्ता बदलवला का तुम्ही?"

डाव्या डोळ्याने त्याला भिंतसुद्धा धड दिसत नाही. कधीपासून? "तीनेक वर्षं," म्हणाला. तीन वर्षं त्या दाखल्यांवर सही माझी. एक तक्ता बदलायला मला तीन वर्षं लागावीत?

आज सही केली नाही. तो दाखल्याशिवायच गेला.

आणि त्याच्या लढती टीव्हीवर बघताना मी सोफ्यावरून ओरडायचो, "अरे गाढवा, डावीकडे बघ की!"