बाटलीवरून माझा फोटो उतरवा

मी, सरोजिनी निशिकांत मिठबावकर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार तोआ पायोह, सिंगापूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि भरपूर रागात हे माझे अखेरचे मृत्युपत्र लिहून देते. वकील क्षिप्राबाई म्हणाल्या, "राग लिहायची गरज नाही." मी म्हटले, मग मृत्युपत्राची तरी काय गरज आहे? यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. माझे यजमान कै. निशिकांत जन्मभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये तापले, तेव्हा हा फ्लॅट झाला. तो आपल्यालाच मिळणार असे माझा एकुलता मुलगा अनीश धरून चालला आहे. त्याने तसे धरू नये. फ्लॅट, दागिने आणि उरलेसुरले सर्व माझी नात किमया हिला द्यावे. व्यवस्थापकही तीच.

२. आता कारण. माझ्या सासरी, मिठबावच्या खाडीत, मारांडी उगवते. खारफुटीच्या चिखलातले काटेरी पानांचे, जांभळ्या फुलांचे झुडूप. सासूबाई त्या पाल्याने लोकांचे सुजलेले गुडघे शेकत. नियम दोनच: पैसा घ्यायचा नाही आणि पाल्याचे नाव सांगायचे नाही, सांगितले की गुण जातो. इथे आल्यावर पुलाउ उबीन बेटावर एका मलाय आजींच्या परसात तेच झुडूप दिसले. त्या त्याला जेरुजू म्हणत. त्यांनी प्रेमाने फांदी दिली, ती माझ्या कॉरिडॉरमधल्या कुंडीत जगली. पुढे खलाशांच्या बायका काय, बँकेतले साहेब काय, सगळे माझ्याकडे गुडघे शेकून गेले. कोणाचा मी चहासुद्धा घेतला नाही.

३. अनीशने कुठल्याशा कारखान्यातून हिरव्या पाण्याच्या बाटल्या भरून आणल्या. नाव ठेवले 'आजीचा अर्क' आणि वर छापला माझा गणपतीतला, नऊवारीतला फोटो. साखर उतरते, म्हणे! कोणाची? मी विचारले, "यात आहे तरी काय?" तर म्हणतो, "आई, नाव सांगायचं नाही, हा तुझाच नियम ना?" सासूबाईंच्या नियमाचा असा धंदा करणारा माझ्याच पोटी यावा, याची मला लाज वाटते.

माझी जुरोंग ईस्टची मैत्रीण सविता हिने माझा चेहरा बघून ती बाटली घेतली आणि साखरेच्या गोळ्या बंद केल्या. मला विचारलेसुद्धा नाही. विचारील कशाला? फोटो माझाच होता. पायाची जखम चिघळली, डाव्या पायाची बोटे कापावी लागली. अनीश हॉस्पिटलात गेला तो फुले आणि आणखी दोन बाटल्या घेऊन. असल्या निर्लज्जपणाला मराठीत शब्द पुष्कळ आहेत. मी लिहिले होते, क्षिप्राबाईंनी ते काढायला लावले.

४. म्हणून मी नियम मोडते. औषध म्हणजे मारांडीचा पाला, दुसरे काही नाही. काटे कातरावेत, पाने तव्यावर गरम करून फडक्यात बांधावीत आणि सोसेल इतके शेकावे. उघड्या जखमेवर लावू नये. प्यायचे तर मुळीच नाही. ठणका कमी होतो, गुडघा नवा होत नाही. साखरेला डॉक्टर आहेत. खारफुटीतली दिसेल ती फांदी तोडू नये, तिथेच वाढणाऱ्या गेवा नावाच्या झाडाच्या चिकाने डोळे जाऊ शकतात. उबीनवर जाऊन ओरबाडाल तर दंड होईल, आणि व्हायलाच हवा. हे कलम किमयाने इथल्या मराठी मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचावे. गुण गेला तर जाऊ दे.

५. माझा फोटो, माझे नाव, 'आजी' हा शब्दसुद्धा अनीशने कोणत्याही मालावर लावू नये. बाटल्या बंद करून त्याने सविताची चारचौघांत माफी मागितली, तर वडिलांची हत्यारांची पेटी त्याला द्यावी. नाही तर खाली ओरडत येणाऱ्या भंगारवाल्याला. किमया म्हणाली, "आजी, पप्पा शुअर अँग्री वन, लाह." चिडला तर चिडू दे.

६. माझ्या सोन्याच्या पाटल्या सविताला द्याव्यात. (कलम खोडले आहे. शेजारी आम्हा तिघींच्या सह्या.)

खुलासा: सही करायला सविता वॉकर घेऊन आली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, पाटल्या हव्या असतील तर साक्षीला दुसरे कोणी बघू, असे क्षिप्राबाईंनी तिला नीट समजावले. सविता म्हणाली, "मग पाटल्या खोडा. मला सही करायचीये, आणि सहीच्या वर माझं थोडं लिहायचंय." मी भांडले. तिने ऐकले नाही.

स्थळ: तोआ पायोह, सिंगापूर
दिनांक: १४ मार्च २०२५

लिहून देणार: सरोजिनी निशिकांत मिठबावकर (सही)

आम्हा दोघींच्या समक्ष सही झाली:

१) क्षिप्रा गोंधळेकर, वकील (सही)

२) सरोजने माझे गुडघे शेकले होते, तेव्हा मी चालत घरी गेले होते. बाटली तिची नव्हती.
सविता प्रबोध गानू, जुरोंग ईस्ट (सही)