गोटुलात विचारायला हवे होते

मंगळवार, संध्याकाळ. भामरागड.

तोंडाच्या कर्करोगाच्या अभ्यासासाठी आज घरोघर फिरले, पण एकही बाई तपासणीला तयार झाली नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या जानीबाईंच्या गालात पांढरा चट्टा आहे. तो तपासायलाच हवा. तरी त्याही नाहीच म्हणाल्या. मी प्रत्येकीला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारत होते. प्रशिक्षणात तसेच शिकवले होते.

शेवटी जानीबाई हसल्या. "चोरावानी काऊन विचारून राह्यली वो बाई? गाव गोटुलात बसते, तिथी सगळ्यायसमोर बोल. मी एकटी कशी ठरवू?"

संमती एकटीची, की गावाची? आणि गाव हो म्हणाले, तर एखादीला नाही म्हणता येईल का? तो चट्टा मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

उद्या गोटुलात, गावाच्या सभेच्या जागी, उभे राहून बोलायचे आहे. उत्तर येत असूनही वर्गात कधी हात वर न केलेल्या मला.