बेकरीची उलटी पाटी

मिलवॉकी, ४ मार्च १९१२, सोमवार

डोबरस्टाइन मालक आज असे ओरडले की खालचा बिअरवाला वर बघायला आला! चूक माझीच. तुटलेलं रीळ जोडताना हातभर तुकडा उलटा चिकटवला — आणि त्यातली बेकरीची पाटी पडद्यावर उलट्या अक्षरांत दिसली. "अगं ओटिली, डोळे घरी ठेवून येतेस का?" थिएटरवाले ओबर्ले मात्र खूश. "लोक पोट धरून हसले!" मालक म्हणाले, आजच्या आज सरळ कर. करते.

६ मार्च

केलं नाही. रीळ कपाटात. उद्या.

११ मार्च

काय हा दिवस! कंपनीचा माणूस आला — प्राउटी, मानेला काचणारी कॉलर. सगळी चित्रं कंपनीची. आम्ही तिच्याकडून भाड्यानं घेऊन थिएटरांना भाड्यानं देतो. तिचा परवाना नसेल तर एक रीळ मिळत नाही. म्हणे, ते बेकरीचं रीळ आम्ही बिनपरवान्याच्या थिएटरला दिलं. "काल मी स्वतः पाहिलं." परवाना रद्द — नाहीतर शनिवारपर्यंत दुकान कंपनीला विका! बाकीची दुकानं तिनं अशीच गिळली. मला पुन्हा मोज्यांच्या गिरणीत जायचं नाही. मुळीच नाही!

१२ मार्च

प्राउटीनं ठेवून गेलेला आरोपाचा कागद वाचला. रीळ ओळखल्याची खूण त्यानं ऐटीत लिहिलीय — 'बेकरीच्या पाटीवरची अक्षरं स्पष्ट वाचता आली.'

स्पष्ट! मी खुर्चीवरून उडालेच. आमच्या रिळातली पाटी वाचायला आरसा लागेल! आणि गावात दुसरी प्रत एकच — कंपनीच्या स्वतःच्या दुकानात.

मालकांकडे धावले. "म्हणजे तू अजून सरळ केलं नाहीस?"

"नाही."

"ओटिली, तुझा हा आळस—" पुढं बोलताच येईना. हसून हसून डोळ्यांत पाणी.

१५ मार्च

मालकांनी कंपनीवर खटला भरला. कोर्टात चादर टांगून रीळ दाखवलं. पाटी आली आणि न्यायाधीश मिशीत हसले. प्राउटी ओरडला, "हे काल उलटं केलंय!" ओबर्ले उठले — "माझी दोनशे गिऱ्हाइकं दोन आठवड्यांपूर्वी याच पाटीला हसलीत. बोलावू सगळ्यांना?" प्राउटीची कॉलर ओली झाली. हुकूम असा: खटला संपेपर्यंत परवान्याला हात लावायचा नाही.

बाहेर सॉसेज खाताना मालक म्हणाले, "खटला वर्षानुवर्षं चालेल. मला एकट्याला झेपायचा नाही." वकील शोधत असतील बिचारे.

१८ मार्च

पाटी सरळ करू का विचारलं. "हात लावशील तर बघ!"

२८ मार्च

सकाळी आले तर रंगारी दाराच्या काचेवर नवी अक्षरं काढून गेलेला. माझ्या टेबलावरून ती उलटीच दिसतात. 'डोबरस्टाइन आणि' इथवर लगेच लागलं. पुढचं नाव जुळवायला जरा वेळ लागला.

क्रेंट्झ. म्हणजे मी!