शेवग्याखाली इन्स्पेक्टर

तांबरम, चेन्नई
१९ ऑगस्ट २००७

रा. रा. कादंबरीकार उपेंद्र यांस,

तांबरमहून गजेंद्रचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एरवी मी ‘लेका उप्या’ अशी सुरुवात करतो. या खेपेला तेवढं धाडस होत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.) आम्ही इथे खुशाल आहोत, म्हणजे घामाघूम आहोत, पण इथे ते खुशालीतच धरतात. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींनी तुला जिना चढायची बंदी केली होती ती उठली का? नसेल तर उत्तम, कारण दुसऱ्या कादंबरीचे कागद माळ्यावर टाकले असं तू लिहिलंस, ते तुझ्या हाताने टाकलेले नाहीत, असा त्याचा अर्थ होतो, आणि मग ते खाली काढायला माझा वहिनींकडे वशिला आहे.

माझ्या कार्डाला उत्तर म्हणून आलेलं तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तार म्हणायची ती. माझ्या कादंबरीत इन्स्पेक्टर नाही, दीपगृह नाही, तू पुस्तक उघडलंही नाहीस, यापुढे लिहिणार नाही, इति उपेंद्र. वाचून माझ्या हातातली कॉफी थंड झाली. विद्युलतेने पत्र वाचलं आणि म्हणाली, बँकेत कागद न वाचता सही करतोस तसंच केलंस. (हे खोटं आहे. बँकेत मी वाचतो.) तेव्हा आधी एक गोष्ट शपथेवर सांगतो. मी तुझी कादंबरी वाचली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. फक्त त्यातलं शेवटचं पान तुझं नव्हतं. ते कसं झालं हे सांगायला जरा लांबून यावं लागेल, तर तू पाय वर घेऊन बस.

तुला ठाऊक आहे, इथे मराठी पुस्तक मिळणं म्हणजे तुमच्या फलटणात इडियाप्पम (इथल्या तांदळाच्या शेवया) मिळण्यासारखं आहे. म्हणून आम्ही काही मंडळींनी एक वाचनमंडळ चालवलंय. मी आणि विद्युलता तांबरमचे. तिरुवल्लिकेणीच्या जुन्या गल्लीत राहणारे बालाजीराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज इकडे कधी आले ते त्यांनाही नीट सांगता येत नाही, पण मराठी अजून घरात आहे. त्यांचा मुलगा रघु, सिरुसेरीच्या एका कंपनीत संगणकावर काहीतरी करतो. आणि बालाजीरावांच्या आई सकवारबाई, ज्यांना आम्ही सगळे अम्मा म्हणतो. अम्मांना वाचता येतं ते तमिळ, मराठी त्या फक्त बोलतात आणि ऐकतात, म्हणून रघु सुट्टीच्या दिवशी त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. (त्याला देवनागरी येते ती शाळेतल्या हिंदीच्या कृपेने. बोट ठेवून वाचतो, पण आजीसाठी वाचतो, हे महत्त्वाचं.)

आता पुस्तक एक, घरं दोन आणि अंतर हे एवढं. एकाने वाचून होईपर्यंत दुसरा कोरडाच. त्यावर बालाजीरावांनी तोड काढली. पार्सल आलं की ते पुस्तक गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या व्यंकट बाइंडरकडे नेतात. तो शिवण उसवून पुस्तकाचे दोन भाग करतो, दोन्हींना खाकी पुठ्ठा चढवतो, आणि मग एक भाग तांबरमला, एक तिरुवल्लिकेणीला. महिन्याच्या एका रविवारी बालाजीरावांकडे जमायचं, अदलाबदल करायची, शेवटच्या बैठकीत मतं मांडायची. (चेहरा असा करू नकोस. तुझं पुस्तक फाडलं नाही, उसवलं. फरक आहे.) यात कधी कधी उत्तरार्ध आधी हातात येतो. एखादं माणूस आधी मरतं आणि पुढच्या महिन्यात जन्मतं. आम्हाला त्याचं आता काही वाटत नाही.

तू दोन पुस्तकं एकदम पाठवलीस. एक तुझी ‘शेवग्याखालची खोली’, आणि सोबत पार्सलाचं वजन भरायला म्हणून ती ‘दीपगृहातली किंचाळी’ नावाची पोलिसी कादंबरी. दोन्हींचा प्रकाशक एक, आकार एक, कागद एक, जाडी एक. व्यंकटने दोन्ही उसवून चार गठ्ठे केले आणि मग कुणाचं धड कुणाला याचा त्याचा गोंधळ झाला. पानांचे आकडे देवनागरीत, त्याला ते नक्षीसारखे दिसतात. त्याने आपलं जाडी बघून जुळवलं. बालाजीरावांनी पुठ्ठ्यांवर सुंदर अक्षरात नावं घातली, आत न बघता, व्यंकटवरच्या पूर्ण विश्वासाने. अशा रीतीने तुझ्या शर्मिष्ठाबाई, निवृत्त चित्रकला शिक्षिका, शेवग्याखालच्या भाड्याच्या खोलीत सांडगे घालता घालता, मुलाकडे राहायला जावं की नाही याचा विचार करता करता, अर्ध्यावर पोचल्या, आणि उत्तरार्धाचा पुठ्ठा उघडल्याबरोबर इन्स्पेक्टर हंबीरराव पिस्तूल रोखून दीपगृहाच्या जिन्यावर उभा.

तू म्हणशील, कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? अरे, तीच तर गंमत. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांच्यामध्ये आमचा एक महिना जातो. शिवाय तू उत्तरार्धात शर्मिष्ठाबाईंचं नाव जवळजवळ घेतच नाहीस, नुसतं ‘बाई’ म्हणतोस. शेवग्याचं झाड दोन्ही पुस्तकांत कसं, असं विचारशील, तर चेन्नईत शेवग्याच्या शेंगेशिवाय दिवस जात नाही, पुस्तकात तो दोनदा आला तर कोण दचकणार? हंबीरराव दोन्हीकडे दिसला तेव्हा मला किंचित शंका आली होती, पण मी म्हटलं, प्रकाशक एकच आहे, पोलीस ठाणंही एकच असेल.

आणि मुख्य म्हणजे आम्ही सगळे शिकलेले. शेवटच्या बैठकीत मतं काय निघाली ती ऐक. विद्युलता म्हणाली, हंबीरराव हा खरा माणूस नाहीच, तो शर्मिष्ठाबाईंच्या मनातला दबलेला संताप आहे. बालाजीराव म्हणाले, संताप नव्हे, काळ. आणि दीपगृह म्हणजे मोक्ष. रघु इथल्या मुलांसारखा प्रत्येक गोष्टीची मध्यंतराच्या आधीची आणि नंतरची अशी चिरफाड करतो, तो म्हणाला, अंकल, फर्स्ट हाफ स्लो, सेकंड हाफ सूपर. दुसऱ्या पुस्तकाची तर तऱ्हाच वेगळी. त्यात सुरुवातीला तीन मुडदे पडतात आणि नंतर शंभरावर पानं एक म्हातारी झाडाला पाणी घालते. खुनी कोण, याचा शब्द नाही. बालाजीराव त्याला धाडसी शेवट म्हणाले. मी तर शेवटच्या पानापर्यंत त्या बाईंवरच संशय धरून होतो. इतक्या शांतपणे लोणचं मुरवणारी बाई निर्दोष असूच शकत नाही, असं माझं मत होतं आणि ते मी बैठकीत जोरात मांडलं. त्याच रात्री उत्साहाच्या भरात तुला ते कार्ड लिहिलं, की इन्स्पेक्टर दीपगृहाचा जिना चढतो तिथे तू लेखक म्हणून खरा मोठा झालास.

या सगळ्यात एकट्या अम्मा नाराज होत्या. त्यांनी रघुला वाचता वाचता थांबवलं होतं म्हणे. “शर्मिष्ठेस कुठें सोडून आलास रे? गच्चीवर वडाम वाळत घातलेत तिनें, पाखरं खातील.” (सांडग्यांना इथे वडाम म्हणतात.) रघु म्हणाला, पाटी (म्हणजे आजी), पुढे फायरिंग आहे. अम्मा म्हणाल्या, फायरिंग होऊं दे, आधीं वडाम काढ. बैठकीतही त्यांनी दोनदा विचारलं, आणि बालाजीरावांनी दोनदा सांगितलं, अम्मा, ते मॉडर्न आहे. तुझं पत्र घेऊन मी पुढच्या रविवारी गेलो, ते वाचून दाखवलं, आणि मग चारही पुठ्ठे जमिनीवर मांडून आम्ही पानांचे आकडे बघितले. अम्मांनी फक्त एवढंच विचारलं, की आतां तरी ती सांपडली का.

व्यंकटने त्याच दिवशी धड आणि डोकं जुळवून दिलं. (त्याला सगळं समजावल्यावर तो इतका हसला की सुईत दोरा ओवता येईना.) त्या संध्याकाळी घरी कुणीच गेलं नाही. रघु खरा उत्तरार्ध वाचायला बसला, आम्ही भोवती. आता उपेंद्र, मस्करी पुरे. तुझी कादंबरी चांगली आहे. मी तुझा मित्र आहे म्हणून नाही, खरोखर चांगली आहे. पूर्वार्ध हळू आहे, शेवग्याची फुलं जरा जास्तच गळतात, पण ती बाई रोज सकाळी रिकामा चित्रफलक पुसून ठेवते आणि चित्र काढत नाही, ते प्रकरण रघु अडखळत वाचत होता आणि विद्युलता पदराने डोळे पुसत होती. आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या बाई मला दिसल्या. इतकी वर्षं आपण दोघं पुस्तकांवर गप्पा हाणतो, आणि आपल्यातला एक जण असं लिहू शकतो, याचा मला फार अभिमान वाटला. इथे तोंडावर सांगायला तू नाहीस म्हणून लिहितो.

पण शेवट. तू खरं मत मागितलंस म्हणून सांगतो. शेवटून दुसऱ्या प्रकरणापर्यंत ती बाई कुठेही जाणार नाही हे माझ्यासारख्या बँकवाल्यालाही दिसतं, आणि मग दोन पानांत तू तिची ट्रंक भरून तिला मुलाच्या फ्लॅटमध्ये पाठवून दिलंस. का? बालाजीरावांना तेवढाच भाग फार आवडला. त्याला कारण आहे. रघुच्या नोकरीसाठी त्यांनी सिरुसेरीजवळ फ्लॅट घेतलाय, लिफ्ट आहे, समुद्राचा वारा आहे, आणि अम्मा तिरुवल्लिकेणीची गल्ली सोडायला तयार नाहीत. वर्षभर घरात तोच एक विषय आहे. पुस्तक मिटल्याबरोबर बालाजीराव लगेच म्हणाले, बघ अम्मा, त्या बाईसुद्धा गेल्या. अम्मांनी खाकी पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, “हें लेखकानें लिहिलें नाहीं. लेखकाच्या घरच्यांनीं लिहविलें.”

उपेंद्र, मला वाटतं हे तुझ्या पुस्तकाचं आजवरचं सगळ्यात नेमकं परीक्षण आहे. आपल्या शाळेतल्या त्या बाईंची मुलं गावातच आहेत, ती काय म्हणतील, या भीतीने तू तिला गाडीत बसवलंस ना? मी अम्मांना सांगितलं, की लेखक दुसरी कादंबरी लिहीत होता आणि बाईंचं पुढे काय होतं ते त्यात येणार होतं. (माळ्याचं मी बोललो नाही. म्हाताऱ्या माणसाला किती धक्के द्यायचे?) त्यावर अम्मांनी सर्वांसमक्ष जाहीर केलं, की तें पुस्तक येऊन, रघूनें वाचून, मीं ऐकल्यावांचून या घरांतलें एक भांडें खोक्यांत जाणार नाहीं. बालाजीरावांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तू लिहिणार की नाही, हा आता तुझा एकट्याचा प्रश्न उरलेला नाही. एक अख्खं घर त्यावर अडलंय. वहिनींना सांगून कागद खाली काढ.

वहिनींना नमस्कार. रुसवा सोड. हंबीररावाला मी तुझ्या वतीने निरोप दिला आहे.

तुझा,
(पुस्तक उघडलेला) गजेंद्र

ता. क. : बालाजीरावांचा निरोप. पोंगल झाला की गृहप्रवेशाचे चांगले मुहूर्त आहेत, तेव्हा कादंबरी त्याआधी यावी. फार मोठी नको, शंभर पानं पुष्कळ झाली, आणि बाई फ्लॅटमध्ये सुखी आहेत असं स्पष्ट लिहावं. लिफ्टचा उल्लेख करता आला तर बरं. ते तुला ताजी दळलेली कॉफी पाठवणार आहेत. घे, पण ती पिऊन लगेच लिहायला बसू नकोस. कारण खाली वाच.

ता. क. : विद्युलतेचं अजूनही मत आहे की हंबीरराव आला असता तर कादंबरीला उठाव आला असता. मनावर घेऊ नकोस.

ता. क. : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात रघुच्या मोबाइलवरून अम्मांचा फोन आला. बालाजीराव देवळात गेले होते, तेवढ्यात उरकून घेतला. शब्द त्यांचे जसेच्या तसे देतो. “तुझ्या मित्रास सांग, कुणाचें ऐकून घाई करूं नको. सावकाश लिही, मोठें लिही. शर्मिष्ठेस मुलाकडे ठेवलेंस, बरें, राहूं दे चार दिवस. पण खोलीची किल्ली तिच्याच कनवटीस ठेव.” आणि मला बजावलं, की पुस्तक आलं की ते बालाजीरावांच्या हाती न देता मी घ्यायचं, आणि व्यंकटकडून दोन नाही, चांगले बारा भाग करून आणायचे. महिन्याला एक वाचूं म्हणाल्या.